रझाकारांच्या बातम्यांची १९४७-४८ ची कात्रणवही: जपायची कशी, तारखा लावायच्या कशा?

सीनाकाठ (प्रश्न)

चुलत आजोबांनी बार्शीला शाळेत असताना केलेली एक वही घरात आहे. विषय एकच, रझाकार, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं सशस्त्र स्वयंसेवक दल. दोनशे पानी आखीव वही, पुठ्ठ्याची बांधणी, मधली शिवण सैल झालेली. अंदाजे १४० कात्रणं आहेत. बरीचशी खळीने चिकटवलेली, काही डिंकाने. लांब रकाने तीन-चार घड्या घालून फक्त वरच्या कडेला डकवलेत. काही सुटी आहेत. शेजारी निळ्या-काळ्या शाईत मथळे, मधे मधे लाल शाईच्या रेघा, दोन ठिकाणी पेन्सिलीने काढलेले नकाशे. शेवटची आठ-दहा कात्रणं उर्दू. तीन पानांवर नंतर कोणीतरी सेलोटेप लावला, तो आता पिवळा पडलाय.

बहुतेक कात्रणांवर पेपरचं नाव नाही आणि तारीखही नाही. कडा हाताला लागल्या की भुगा होतो.

विचारायचं आहे ते असं:
१. कात्रणं सोडवून चांगल्या अल्बममध्ये लावावीत का? लॅमिनेशन करावं असं घरातल्या दोघांचं म्हणणं आहे.
२. तारखा कशा ठरवायच्या?
३. स्कॅनिंग घरी जमेल का?
४. १७ सप्टेंबरला एका शाळेला प्रदर्शनात वही हवी आहे. द्यावी का?

---

कागदकीड

लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लास्टिकमध्ये कागद कायमचा अडकतो, त्याच्यातलं आम्ल आतच राहतं आणि पुढे कधी सोडवायचं म्हटलं तरी सोडवता येत नाही. कोणी म्हणेल की राष्ट्रीय अभिलेखागारातही लॅमिनेशन करत. करत असत, पण ते सेल्युलोज ॲसिटेटचं पातळ पटल आणि ॲसिटोन वापरून हाताने केलेलं काम. झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्राशी त्याचा काही संबंध नाही.

कात्रणं सोडवूही नका. कोणती बातमी कोणत्या बातमीशेजारी लावली, कुठे रेघ ओढली, कुठलं पान कोरं ठेवलं, हे त्या मुलाने ठरवलंय. सुटी कात्रणं १४० ठिकाणी सापडतील, हा क्रम दुसरीकडे मिळणार नाही.

कडांचा भुगा का होतो तेही सांगतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्याचा. त्यात लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक) राहतं, प्रकाश आणि हवेने ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि तंतू तुटत जातात. त्यात खळीत मोरचूद घातलेलं असेल (कसर लागू नये म्हणून सर्रास घालत), तर तांब्यामुळे हा नाश आणखी वेगाने होतो. खळीखालचा भाग हिरवट-तपकिरी दिसत असेल तर तेच समजा. डिंकाची कात्रणं वेगळी बिघडतात. डिंक वाळून काचेसारखा कडक होतो आणि पान उलटताना कागद डिंकाच्या कडेलाच मोडतो. म्हणून डिंकाची पानं उलटताना खालून जाड कागदाचा आधार द्या.

आता करायचं काय. सगळ्यात आधी, वहीला हात लावण्यापूर्वी, आहे त्या अवस्थेत प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो. हा पुरावा, स्कॅनिंग नव्हे. मग मऊ, रुंद ब्रशने (गोट हेअरचा, दोन इंची) शिवणीकडून बाहेर अशी धूळ काढा. कात्रणावर खोडरबर नको. पानांत पडलेले तुकडे फेकू नका. कोणत्या पानात मिळाले ते लिहून छोट्या कागदी पाकिटात ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करून काम करा. कापडी मोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि फाटलेली कड धाग्यात अडकते.

कसर किंवा किडे जिवंत दिसले तर वही प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरची वाफ कागदावर धरते. फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा चालणार नाही, तो सारखा उघडला जातो. डांबराच्या गोळ्यांनी किडे मरत नाहीत, घरभर वास तेवढा होतो.

जिथे दोन कात्रणं समोरासमोर येतात तिथेच आम्लरहित टिश्यू घाला, १०-१२ जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम). प्रत्येक पानात घातलात तर वही फुगेल आणि आधीच सैल असलेली शिवण तुटेल. टिश्यू शिवणीपासून अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबवा.

ठेवायला आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी उत्तम. ती नसेल तर कोरं मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून, वाळवून त्यात गुंडाळा. दफ्तरखान्यांत रुमाल बांधायची रीत उगाच नव्हती. फक्त लाल कापड घेऊ नका, ओल आली की रंग उतरतो. वही आडवी ठेवायची, उभी नाही. लोखंडी कपाटात मधला कप्पा, बाहेरच्या भिंतीला कपाट टेकलेलं नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर बरं. ६५ च्या वर गेली की बुरशी. बार्शी-सोलापूरकडे पावसाळा सोडला तर उलटा त्रास, एप्रिल-मेमध्ये कागद इतका कोरडा होतो की वही उघडूच नये.

---

तारीखवार

तारखांसाठी मजकूर वाचण्याआधी कात्रणाची मागची बाजू बघा. एका कडेला चिकटवलेल्या कात्रणांची मागची बाजू उघडी असते आणि तिथे सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, पावसाचे आकडे, क्रिकेटचा धावफलक असलं काहीतरी मिळतं. बातमीपेक्षा धावफलकाची तारीख लावणं सोपं.

मजकुरात पहिली ओळ महत्त्वाची: «सोलापूर, ता. १२». ही बातमी पाठवल्याची तारीख. छापून आली ती एक ते तीन दिवसांनी, साप्ताहिकात त्याहून उशिरा. दोन्ही तारखा वेगळ्या रकान्यांत लिहा, एकात कोंबू नका.

मग माणसं आणि पदं बघा. ही मी वापरतो ती खुणांची यादी:

गव्हर्नर जनरल माउंटबॅटन असतील तर २१ जून १९४८ च्या आधीचं, राजाजी असतील तर नंतरचं. क. मा. मुनशींचा उल्लेख एजंट जनरल (भारताचे हैदराबादेतले प्रतिनिधी) म्हणून असेल तर १९४८ च्या जानेवारीपासून पुढे. भारत आणि निजाम यांच्यातला «जैसे थे करार» म्हणजे २९ नोव्हेंबर १९४७. त्यावरची चर्चा त्याच्या आधीची, भंगाच्या तक्रारी नंतरच्या. निजामाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब असतील तर कराराच्या आधीचं, लायक अली असतील तर पुढचं. इथे एक खड्डा आहे. त्या काळात मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेरांनाही पेपर «पंतप्रधान» म्हणत. नुसतं «पंतप्रधानांनी सांगितले» वाचून नेहरू किंवा लायक अली धरू नका, बातमी कुठून आली ते आधी पाहा.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे निजामाची तक्रार ऑगस्ट १९४८ ची. «इमरोज»चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून २१-२२ ऑगस्टच्या रात्रीचा. «पोलीस कारवाई», म्हणजे भारतीय सैन्य संस्थानात शिरलं तो दिवस, १३ सप्टेंबर, सोमवार. शस्त्रसंधी १७ ला, शुक्रवारी. «लष्करी गव्हर्नर चौधरी» त्यानंतर, १९४९ अखेरपर्यंत.

वृत्तसंस्थेचं नावही उपयोगी. पी.टी.आय.ने काम सुरू केलं १ फेब्रुवारी १९४९ ला. त्याआधीच्या तारा «ए.पी.आय.» म्हणजे असोसिएटेड प्रेसच्या किंवा युनायटेड प्रेसच्या. वहीतल्या एखाद्या कात्रणावर «पी.टी.आय.» दिसलं तर ते १९४९ चं किंवा त्यानंतरचं, बहुधा रझाकारांचा प्रमुख कासीम रझवी याच्या खटल्याचं वगैरे.

शुद्धलेखनही पाहा. «नाहीं, तेथें, झालें» असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनंतर हळूहळू गेले. असे अनुस्वार अजिबात नसलेलं कात्रण मधेच आलं तर ते नंतरच्या आठवणींच्या लेखातलं असू शकतं, कोणीतरी मागाहून डकवलेलं. चिकटवायचा पदार्थही तिथे बदललेला दिसेल.

पेपर ओळखायला रकान्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि दोन रकान्यांमधली रेघ कशी आहे ते बघा. नाव छापलेल्या दोन-चार कात्रणांशी ती जुळवली की निम्मी वही सुटते. बार्शीत पुण्या-मुंबईचे पेपर आणि सोलापूरचे स्थानिक, एवढंच धरून चला. «लोकसत्ता» धरत असाल तर तो १४ जानेवारी १९४८ ला सुरू झाला, त्याआधीचं कात्रण त्याचं नसणार. उरलेल्यांसाठी पुण्यात केसरीवाडा, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय, सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय इथे जुन्या फायलींची चौकशी करा. जाताना तारखेची आठ-दहा दिवसांची चौकट ठरवून जा. «१९४८ चे पेपर दाखवा» म्हटलं तर कोणीही वैतागेल.

---

मुलूखगिरी

उर्दू कात्रणांबद्दल: त्यांवर फसली साल असेल तर घाबरू नका. हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजर महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. शेवटचा महिना आबान, म्हणजे ढोबळमानाने सप्टेंबर. पोलीस कारवाई १३५७ च्या आबानमध्ये येते. शेजारी हिजरी तारीखही असेल; दोन्ही लावून ताळा करा.

किंमत बघितली तरी पेपर कुठला ते कळतं. जाहिरातीत «हाली» किंवा «सिक्का उस्मानिया» (निजामाचा रुपया) असेल तर संस्थानातला, «कलदार» (ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया) असेल तर बाहेरचा किंवा बाहेरच्यांसाठीचा. शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हा ठरलेला दर.

आणि एक सूचना, उर्दू म्हणजे सगळं इत्तेहादचं (रझाकारांची मूळ संघटना, इत्तेहादुल मुसलमीन) असं समजून एका गठ्ठ्यात टाकू नका. «रहबर-ए-दक्कन» इत्तेहादच्या बाजूचा, «इमरोज» भारतात सामील व्हा म्हणणारा, आणि त्याच्या संपादकाचा जीव त्यापायीच गेला. मथळ्यावरचं नाव कापलं गेलं असेल तर अग्रलेखाचा सूर वाचणाऱ्याकडून वाचून घ्या.

---

दफ्तरी

जपणूक झाली, तारखा झाल्या. सूची करताना लोक जिथे घसरतात ते सांगतो.

त्या दिवसांत मराठी पेपरांत सरहद्दीवर काहीही झालं की «रझाकारांचा हल्ला» असा मथळा पडे. प्रत्यक्षात तिथे चार-पाच वेगळ्या फौजा होत्या. रझाकार म्हणजे इत्तेहादुल मुसलमीनचं स्वयंसेवक दल, १९४६ पासून लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाताखाली. निजामाची रीतसर फौज वेगळी, तिचे प्रमुख एल एद्रूस. निजामाचे पोलीस वेगळे. त्याशिवाय अरब, रोहिले, पठाण, दीनदार. दुसऱ्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतले सशस्त्र तरुण, आणि तेलंगणात कम्युनिस्टांची दळं. म्हणून सूचीत दोन रकाने करा: «बातमीत कोण म्हटलंय» आणि «इतर साधनांवरून कोण». दुसरा रकाना बराच काळ कोराच राहील, राहू दे.

बार्शीची वही आहे म्हणून नान्नज नक्की असणार. २४ जुलै १९४८, शनिवार, सोलापूर-बार्शी रस्ता, भारतीय तुकडीवर हल्ला. इथे रझाकार किती आणि निजामाचे शिपाई किती, यावर दोन्हीकडची निवेदनं वेगळी होती. त्या प्रसंगाची तीन-चार कात्रणं असतील तर ती आधी लावा. एकाच घटनेचे आकडे पेपरागणिक कसे बदलतात ते त्यात दिसतं. २२ मे चा गंगापूर स्टेशनवरचा मेल गाडीवरचा हल्ला तसाच. हे गंगापूर गुलबर्ग्याच्या बाजूचं, औरंगाबादजवळचं नव्हे. सूच्यांमध्ये ही चूक हमखास असते.

आकड्यांचंही तेच. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत छापलेली सापडेल. तो सभेतल्या भाषणांतून आलेला दावा, हजेरीपट नव्हे. सूचीत «दावा» असंच लिहा.

स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी केलेली उमरी बँकेची लूट वहीत शोधाल आणि बहुधा सापडणार नाही. तो दिवस ३० जानेवारी १९४८. त्या आठवड्यात पेपरांत गांधीहत्येशिवाय दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

कारवाईनंतर मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्ग्याकडे मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याबद्दल कात्रणं जवळजवळ नसतील. पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अहवाल दिला, मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला, पण तो तेव्हा प्रसिद्धच केला नाही. सूचीच्या प्रस्तावनेत हे दोन ओळींत लिहाच, नाहीतर वाचणारा समजेल की १७ सप्टेंबरला सगळं थांबलं.

मुलाने स्वतः लिहिलेले मथळे वेगळ्या रकान्यात, अक्षरशः, त्याच्या शुद्धलेखनासकट. ते दुरुस्त करण्याचा मोह फार होतो. पेन्सिलीचे नकाशे तर नोंदवाच. एखाद्या गावाची जागा नकाशात चुकलेली असेल तर ती चूकही नोंदवा, ती बातमी त्याला कशी समजली ते त्यातून कळतं.

---

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार. मागची बाजू बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. आणखी तीन शंका. घड्या घातलेली कात्रणं उघडताना घडीवर तडकतायत. सेलोटेपचं काय करू? आणि फाटलेल्या ठिकाणी पातळ केलेला फेविकॉल चालेल का? नेटवर सोडा वॉटर आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियाने आम्ल घालवायची कृती दिसली, ती खरी आहे का?

---

कागदकीड

शेवटून सुरुवात करतो. ती कृती सुट्या, चिकटवलेल्या नसलेल्या, शाईचा थेंब नसलेल्या कात्रणासाठी आहे. छपाईची शाई तेल-काजळीची, ती पाण्यात सहसा हलत नाही. पण तुमच्याकडे लाल शाई आणि फाउंटन पेनची निळी-काळी आहे. ओली झाली की ती पसरणार आणि खळ सुटून दोन पानं एकमेकांना चिकटणार. आम्ल काढायचंच असेल तर पाण्याविना, मॅग्नेशियम ऑक्साइडचा फवारा असतो, तो संवर्धन प्रयोगशाळेतच करून घ्या.

फेविकॉल नको. वाळल्यावर पाण्याने परत सुटत नाही आणि कागदापेक्षा कडक होतो, मग पुढची फाट त्याच्या कडेने जाते. गव्हाच्या स्टार्चची खळ करा. कणीक नव्हे, ग्लुटेन काढलेलं स्टार्च. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, अर्धा तास भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत २५-३० मिनिटं शिजवा. पांढरट रंग जाऊन पारदर्शक-जाड झालं की झालं. गार करून बारीक चाळणीतून दोनदा दाबून काढा, मग थेंब थेंब पाणी घालत ताकाइतकं पातळ करा. मोरचूद घालायचं नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की फेकायची.

जोडायला जपानी टिश्यू, कोझोचा (एका झाडाच्या सालीचा), ५ ते ९ जीएसएम. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ मारून हाताने फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. पट्टी फाटीपेक्षा दोन्हीकडे ३-४ मिलिमीटर जास्त. खळ टिश्यूला लावा, कात्रणाला नाही, आणि जादा खळ टिपकागदावर टिपून घ्या. शक्यतो मागच्या बाजूने. वर-खाली सिलिकॉन कागद, मग टिपकागद, वर सपाट काच आणि अर्धा-एक किलो वजन, दोन तास. लोकांचं काम खळ जास्त ओली ठेवल्यामुळे बिघडतं: वर्तमानपत्राचा कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि जोडाभोवती सुरकुती पडते. आधी आजच्या पेपरच्या तुकड्यांवर हात बसवा. शाई असलेल्या जागी मात्र हे करू नका.

घड्या: कोरड्या उघडू नका. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओलसर (ठिबकणारा नव्हे) टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर सुटं कात्रण. एक-दोन तासांत कागद मऊ होतो. दर वीस मिनिटांनी बघा, रात्रभर ठेवलंत तर बुरशी येईल आणि लाल शाई पसरेल. मऊ झालं की दोन टिपकागदांत, वजनाखाली. जी कात्रणं वहीला चिकटलेली आहेत त्यांच्या घडीला ओलसर टिपकागदाची पट्टी लांबून लावायचा प्रयोग घरी नको. तशीच अर्धी उघडून फोटो घ्या. एकदा पूर्ण उघडून सपाट झालेलं लांब कात्रण परत घडी घालू नका. पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवून वहीसोबत पेटीत, आणि वहीत त्या जागी आम्लरहित कागदाची चिठ्ठी: «पान ३७, कात्रण २, पाकीट ४ मध्ये».

सेलोटेप: ज्याची पट्टी आपोआप सुटलीय ती चिमट्याने, कात्रणाला समांतर, हळू ओढून काढा. जी घट्ट आहे ती तशीच राहू द्या. हेअर ड्रायर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही नको. उष्णतेने गोंद पातळ होऊन कागदात आणखी खोल जातो. पिवळा डाग आता निघणार नाही, निदान तो वाढणार नाही एवढं बघायचं. टेपखाली मजकूर झाकला नसेल तर घाईच नाही.

---

पिक्सेलपंत

स्कॅनिंग. फ्लॅटबेड स्कॅनरवर वही उलटी दाबायची नाही, शिवण त्यातच जाते. वरून कॅमेरा. वही १०० अंशांच्या आसपास उघडा, न उघडणाऱ्या बाजूला पुस्तकांचा आधार. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पानाला काटकोनात, दोन दिवे दोन्हीकडून ४५ अंशांत. खिडकीचा प्रकाश सारखा बदलतो म्हणून पडदा लावा. ए४ पान ४०० पीपीआयला (दर इंचात ४०० पिक्सेल) साधारण ३३०० बाय ४७०० पिक्सेल होतं, म्हणजे १६ मेगापिक्सेलच्या आतबाहेर. बारीक टाइपासाठी ६०० हवं असेल तर कात्रणाचा जवळून वेगळा फोटो घ्या.

मागचा मजकूर आरपार दिसत असेल तर उचलता येणाऱ्या कात्रणाखाली काळा कागद सरकवा. पांढरा घातला तर अक्षरं उलट जास्त दिसतात. प्रत्येक पानासोबत मोजपट्टी आणि रंगपट्टी एकदा. मूळ फाइल टिफ, बघायला जेपेग. पहिल्या फाइलवर कधीही कॉन्ट्रास्ट वाढवू नका, प्रतीवर वाढवा. नावं: वही०१_पान०३७_कात्रण०२_पुढे, _मागे. कात्रणांचे आकडे डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि हा नियम सूचीच्या पहिल्या पानावर लिहा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

टेसरॅक्टमध्ये (चित्रातला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी आहे, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईवर, तुटक्या मात्रांवर आणि जुन्या अनुस्वारांवर ते अडखळतं. १४० कात्रणं हाताने टंकणं जास्त लवकर होईल. टंकताना «नाहीं» चं «नाही» करू नका. शोधासाठी शेजारी आधुनिक रूपाचा वेगळा रकाना ठेवा.

हक्कांचं: नाव न छापलेल्या बातम्यांना प्रकाशनापासून ६० वर्षं, म्हणजे १९४८ च्या बातम्या मोकळ्या झाल्या. नावाने छापलेल्या लेखांना आणि कवितांना लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तेवढं तपासून मग नेटवर टाका. चुलत आजोबांची अक्षरं त्यांच्या वारसांची, घरात विचारून घ्या.

शाळेला मूळ वही देऊ नका. निवडक वीस पानं एकास एक आकारात मॅट कागदावर छापून घ्या, मागची बाजू मागे छापून. मूळ दाखवायचीच असेल तर एक दिवस, एकच उघडं पान, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आत (साधी ट्यूबलाइट दूर, खिडकी बंद), काचेखाली, आणि पान उलटायला कोणाचाही हात नाही. छापील प्रतीवर खाली पेपरचं नाव, छापल्याची तारीख, आणि ठरलेली नसेल तर «अंदाजे» असं लिहा. कात्रणांत ज्या गावकऱ्यांवर आरोप छापलेत त्यांची नातवंडं त्याच शाळेत असू शकतात, ती पानं निवडताना तेवढं बघा.